इंदूताईंची सही

इंदूताई खांबेटे कुणाच्या घरी दिव्याचं काम पाहायला गेल्या की पिशवीतून आधी सपाता काढत. जाड रबरी तळाच्या, धुऊन स्वच्छ ठेवलेल्या निळ्या सपाता. बाहेरच्या चपला दाराशी सोडायच्या आणि या सपाता घालून थेट घरात शिरायचं. झाशीतली जुनी मराठी घरं सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक. एखादी आजी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "अगं, समोर देवघर आहे." त्यावर इंदूताई शांतपणे सांगत, "देव समजून घेतील, काकू. वीज नाही समजून घेत." आणि बोर्डाकडे वळत.

टेस्टर हातात घेतला की तो आधी एखाद्या चालू सॉकेटला लावून पाहत, मग संशयाच्या तारेला, मग पुन्हा त्या चालू सॉकेटला. मी एकदा विचारलं की हे तीनदा कशाला? "तार मेलीय का टेस्टर मेलाय, हे कळायला नको का?" त्या म्हणाल्या. एवढं सांगून त्यांचं उत्तर संपलं.

मी त्यांना ओळखू लागले ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. माझे यजमान लष्करात. आधी झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होते, मग त्यांची बदली सीमेवर झाली, जिथे कुटुंब नेता येत नसे. साताऱ्याकडच्या माहेरी परत जाण्याऐवजी मी झाशीतच राहायचं ठरवलं आणि खांबेट्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. इंदूताई सरकारी प्रशिक्षण संस्थेत मुलींना घरगुती वायरिंग शिकवत. मुलींचा तो वर्ग तेव्हा नवाच होता. बुटक्या, काटक, पाचवारी साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, चष्म्याला दोरी. गल्लीतले सगळे त्यांना जिज्जी, म्हणजे ताई, म्हणत.

त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. त्यात माझ्या आजीबरोबर संपले असं मला वाटलेले शब्द होते आणि त्यांच्या शेजारी हिंदी बिनदिक्कत येऊन बसलेली असे. "मालू, फडताळातला पेचकस आण बरं," असं त्या म्हणाल्या तेव्हा फडताळ मला कळलं, पण पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हे कळायला वेळ लागला. त्यांच्या दोन्ही मुलांना मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र हिंदीत यायचं. विनायकराव, त्यांचे यजमान, रेल्वेत कारकून. ते कुठल्याच भाषेत फारसे बोलत नसत.

त्या घराच्या जिन्यात एकच दिवा होता आणि त्याला दोन बटणं. एक खाली, एक माडीवर. खालून लावा, वर जाऊन बंद करा. आमच्या गावच्या घरात असलं काही नव्हतं. मला ती जादूच वाटायची. राहायला गेले त्याच आठवड्यात मी विचारून बसले, "इंदूताई, हे होतं कसं?"

त्यांनी चुलीवरची भाजी तशीच सोडली, वर्गातला खडू आणला आणि जिन्याच्या पायरीवर चित्र काढायला बसल्या.

"हे टू-वे स्विच. साध्या बटणाला दोन टोकं असतात, याला तीन. यातलं एक मुख्य. फेज, म्हणजे जिवंत तार, खालच्या स्विचच्या मुख्य टोकाला आणायची. वरच्या स्विचच्या मुख्य टोकापासून दिव्याला न्यायची. उरली दोन्हीकडची दोन-दोन टोकं. ती दोन तारांनी एकमेकांना जोडायची. आता या दोन तारा म्हणजे दोन गल्ल्या समज. खालचा स्विच विजेला एका गल्लीत पाठवतो. वरचा त्याच गल्लीच्या तोंडाशी उभा असेल तर दिवा लागतो. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी असेल तर विझतो. कुणीही आपली जागा बदलली की उलटं होतं."

"आणि दिव्याचं दुसरं टोक?"

"शाब्बास. ते न्यूट्रलला. सरळ, मध्ये काहीही नाही. ही गोष्ट मुलींकडून मी शंभरदा वदवून घेते. स्विच फेजवर. न्यूट्रलला हात लावायचा नाही."

त्या दिवशी भाजी करपली. पण मी मात्र जिन्याचा दिवा लावताना दर वेळी त्या दोन गल्ल्या डोळ्यांपुढे आणू लागले.

इंदूताईंच्या आयुष्यात त्यांचे थोरले दीर दत्तोपंत यांचं स्थान फार मोठं होतं. दोन घरं सोडून ते राहत. उंच, गोरे, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. झाशीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती त्यांनी उचलायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असा रिवाज होता. त्यांचा वायरिंगच्या ठेक्याचा धंदा. तरुणपणी जवळच्या समथर गावी एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकले आणि मग निम्म्या झाशीत दिवे लावले, असं ते स्वतः सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

इंदूताई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा डिप्लोमा अर्धा झाला होता. सून तारा ओढत हिंडणार का, म्हणून सासूबाई पुढच्या शिक्षणाला तयार नव्हत्या. दत्तोपंतांनी आईला सांगितलं, "ती शिकेल. मला घरातच सुपरवायझर मिळेल." सुपरवायझरच्या परवान्याची परीक्षा लखनौला होती. विनायकरावांना रजा मिळेना, तेव्हा दत्तोपंत स्वतः त्यांना घेऊन गेले आणि परीक्षा संपेपर्यंत बाहेर झाडाखाली उभे राहिले. पुढे त्यांच्या ठेक्याचा परवाना इंदूताईंच्या परवान्यावरच चालू लागला. काम पूर्ण झालं की इंदूताईंनी तपासायचं आणि सही करायची, मगच वीज जोडली जायची. दिराला त्या भावजी म्हणत आणि त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसत नसत. काम तपासताना मात्र स्टुलावर चढत आणि भावजी खाली उभे राहून स्टूल धरत.

मी तिथे असताना मंडळाची नवी इमारत उभी राहिली. खाली सभागृह, मागे वरांडा, वर बायकांसाठी आणि पाहुण्यांसाठी खोल्या. वायरिंग दत्तोपंतांनी सेवा म्हणून केलं. एरवी तारांची जोडणी इंदूताई स्वतः उभ्या राहून करून घेत, पण तेव्हा त्यांच्या संस्थेत परीक्षा चालू होत्या, म्हणून काम होत असताना त्यांना एकदाही जाता आलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या तपासायला गेल्या. मखराच्या सजावटीला हात लावायला म्हणून मीही बरोबर गेले.

सभागृह त्यांनी पाहिलं, समाधानाने मान हलवली. मग जिना. खालून दिवा लावला, वरून बंद केला. स्टूल मागवलं, चढल्या, बल्ब काढला आणि होल्डरमध्ये टेस्टर घातला. टेस्टर पेटला. बटण बंद होतं आणि टेस्टर पेटला. त्यांनी दुसऱ्या टोकाला लावला. तिथेही पेटला. त्या खाली उतरल्या, चालू सॉकेटवर टेस्टर पाहिला, पुन्हा चढल्या. तेच. मग त्यांनी मला खालचं बटण आणि माडीवर उभ्या असलेल्या एका मुलाला वरचं बटण एकदम उलटं करायला सांगितलं. दोन्ही एकदम उलटल्याने दिवा बंदचा बंदच राहायला हवा होता. या वेळी टेस्टर पेटला नाही.

"भावजी," त्यांनी हाक मारली, "इथे कशी जोडणी केलीत?"

दत्तोपंत मखरापाशी होते. तिथूनच म्हणाले, "पूर्वीसारखी. दोन्ही बोर्डांवर फेज होती, न्यूट्रल होती. दोन्ही स्विचांना दोन्ही दिली, दिवा मध्ये बसवला. तारेची केवढी बचत झाली पाहा. का, दिवा लागत नाही का?"

"लागतो."

"विझतो का?"

"विझतो."

"मग?"

इंदूताई स्टुलावरून उतरल्या. मंडळाचे सेक्रेटरी आणि आणखी दोघे-तिघे जमले होते. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. "दिवा दोन तऱ्हांनी विझतो, भावजी. दोन्ही स्विच न्यूट्रलवर असले तरी विझतो, आणि दोन्ही फेजवर असले तरी विझतो. दुसऱ्या वेळी होल्डरच्या दोन्ही टोकांत वीज भरलेली असते आणि दिवा मात्र अंधारा. माणूस बटण बंद करतो, निर्धास्त होऊन बल्ब बदलायला चढतो."

"तुझ्या परवान्याआधी कितीतरी वर्षं मी हेच केलं. कुणाला काही झालं नाही."

"कुणी येऊन सांगितलं नाही," इंदूताई म्हणाल्या.

सेक्रेटरी चांगला माणूस. तो मध्ये पडला. "ताई, उद्या सकाळी स्थापना आहे. आज सही करून टाका. दहा दिवस होऊ द्या, मग आरामात बदलू."

"दहा दिवसांत इथे बायका-मुलं वर-खाली करणार, दादा. सभागृहाचे दिवे लावा, त्यांत काही खोट नाही. जिन्याची आणि वरांड्याची लाइन एकच आहे, ती बंद राहील." असं म्हणत त्या मुख्य बोर्डापाशी गेल्या, त्या लाइनीचा फ्यूज उपसून काढला आणि पर्समध्ये टाकला.

दत्तोपंतांचा चेहरा लाल झाला होता. ते जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इंदू, लोकांसमोर?"

"सही लोकांसाठीच असते, भावजी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता, पण पर्सची क्लिप त्यांना लागेना. ती मी लावली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. जिन्यात भाड्याने आणलेली गॅसबत्ती टांगली होती आणि येणारा प्रत्येक जण विचारत होता, नव्या इमारतीत ही कशाला? आरतीच्या वेळी सगळे दाराकडे बघत राहिले. दत्तोपंत आले नाहीत. शेवटी सेक्रेटरीने चाचरत सुरुवात केली. सूर कुणालाच सापडला नाही. बायकांत कुजबुज झाली की ज्या दिराने शिकवलं त्याचंच नाक कापलं. इंदूताईंनी ते ऐकलं आणि प्रसाद वाटायला घेतला.

त्या आठवड्यात रोज दुपारी त्या आपल्या वर्गातल्या मुली घेऊन आल्या. तारांवरच्या लाकडी पट्ट्या उघडल्या, जुन्या तारा काढल्या, नव्या घातल्या. शेवटच्या दिवशी एक मुलगी खाली, दुसरी वर, आणि इंदूताई स्टुलावर. बटणांच्या सगळ्या जोड्या करून झाल्या. दिवा विझला की होल्डर प्रत्येक वेळी मेलेला. "अब जलाओ," त्या म्हणाल्या, आणि मग सही केली.

पण घरी त्यांना जेवण जात नव्हतं. एका दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या. "वायरिंगची मला चिंता नाही, मालू. तिथे बरोबर काय ते ठरलेलं आहे. त्या झाडाखाली ते उन्हात उभे होते ते मात्र डोळ्यांपुढून जात नाही." मी विचारलं, "मग माफी मागायची का?" त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "कशाची? रोज सकाळी जाऊन नमस्कार करते. ते पेपर वाचत राहतात. मी उद्याही जाईन."

लक्ष्मी तालावर विसर्जन झालं, दसरा गेला. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी दत्तोपंत आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. हातात त्यांची हत्यारांची जुनी पिशवी होती. इंदूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी जिन्यात होते, तिथेच थांबले.

"ती तारेची कंजुशी मी समथरहून घेऊन आलो," ते म्हणाले. "तेव्हा तार मिळायची नाही. पुढे मिळायला लागली, पण हाताला सवय झाली होती. काल माझ्याच घरच्या जिन्यात टेस्टर लावून पाहिला." मग पिशवी ओसरीवर टेकवून म्हणाले, "तुझ्या सहीच्या आधीची घरं बरीच आहेत, इंदू. मला बहुतेक सगळी आठवतात. येशील?"

"सपाता घेते," त्या म्हणाल्या.

तो सगळा हिवाळा ती दोघं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हिंडत होती. कधीकधी मीही जायची, वायर सोलून द्यायला. बहुतेक घरी लोकांना कळायचंच नाही की चालू असलेला दिवा हे का उघडतायत. दत्तोपंत फक्त म्हणायचे, "पुराना काम है, नया कर देते हैं."

लक्ष्मी तालाच्या बाजूला एक घर होतं. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. जिन्यातला दिवा बदलायचाय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हओ, ठीक कर दो, जिज्जी. जा बत्ती काटत है. हम तो छूतई नईं."

दिवा चावतो, शॉक देतो, म्हणून त्या त्याला हातच लावत नसत. इंदूताईंनी विचारलं, "कभी किसी को लगा, माताजी?"

"हमाए बे गिरे हते स्टूल से. बल्ब लगा रए ते. हाथ टूट गओ, फिर कभऊँ सीधो नईं भओ. बटन तो बंद हतो. सबने कही, चक्कर आ गओ हुइए."

म्हणजे बटण बंद असतानाच त्यांचे यजमान बल्ब लावताना पडले होते. आतल्या खोलीत खाटेवर तो म्हातारा गृहस्थ बसला होता. उजवा हात कोपरात वाकलेला. दत्तोपंत दारात उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले. मग खाली मान घालून जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. इंदूताई त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली, बसल्या.

बऱ्याच वेळाने दत्तोपंत उठले, खाटेपाशी गेले आणि हात जोडले. "भैया, आपको चक्कर नहीं आया था. ये बत्ती मैंने लगाई थी. गलत लगाई थी."

त्या गृहस्थाला आधी काही कळलं नाही. कळल्यावर तो बायकोकडे वळून म्हणाला, "सुन लई? मैं तब से कह रओ के मैं ठीक-ठाक खड़ो हतो." इतकी वर्षं त्याचं कुणी खरं मानलं नव्हतं. मग त्याने चांगल्या हाताने दत्तोपंतांना खाटेवर बसायची खूण केली. म्हातारी चहा करायला गेली. इंदूताईंनी मेन स्विच बंद केला आणि काम सुरू केलं. स्टूल मी धरलं, कारण दत्तोपंतांना त्या गृहस्थाने उठूच दिलं नाही.

पुढच्या गणपतीला मी झाशीतच होते. आरती दत्तोपंतांनी उचलली. मुख्य बोर्डापाशी इंदूताई उभ्या होत्या आणि मोठ्याने, बेसूर म्हणत होत्या. त्यांना गळा नव्हता. त्याची त्यांना कधी फिकीरही वाटली नाही.

मग यजमानांची बदली झाली आणि मी झाशी सोडली. पत्रं, नंतर फोन चालू राहिले. दत्तोपंत गेले, विनायकराव गेले, मुलं नोकरीसाठी लांब गेली. इंदूताई निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कुणी झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यांत लागल्या, कुणी परवाने काढून ठेके घेऊ लागल्या. फोनवर त्या स्वतःच्या तब्येतीचं एक वाक्य बोलत आणि मुलींचं पुढचा अर्धा तास.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांचा शेवटचा फोन आला. माडीवर नवीन भाडेकरू यायचे होते, म्हणून वरच्या गच्चीच्या दाराशी जिन्यातल्या दिव्याला आणखी एक बटण बसवायचं होतं. मुलांनी माणूस बोलवा म्हणून सांगितलं होतं. इंदूताईंनी ऐकलं नाही. डोळ्यांना मोतीबिंदू, हात कापणारे, तरी स्वतः स्टुलावर चढून सगळी जोडणी केली. सहीला मात्र आपला परवाना आता चालत नाही, म्हणून नसरीन नावाच्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं. ती मी कधी पाहिली नव्हती. झाशीत तिचा आता स्वतःचा ठेका होता.

"काय सांगू मालू, पोरीने बटणाची सगळी पेटी उघडली. मी म्हटलं, अगं, दिवा लागतो, विझतो, पाहिलंस ना? तर मला म्हणते, जिज्जी, आप बैठिए. एक जोड सैल निघाला आणि लोखंडी पेटीला अर्थिंग जोडायचं मी विसरले होते. मी विसरले! आणि ती म्हणाली, जिज्जी, इस पर मैं दस्तखत नहीं करूँगी."

"तुम्हाला असं म्हणाली?"

"मला. माझ्या घरात. नजर खाली होती बिचारीची, पण म्हणाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? स्टूल धरून उभी राहिले. तिने सगळं पुन्हा केलं, तपासलं, सही केली आणि मग माझ्या पाया पडून रडली. मी म्हटलं, रडतेस कशाला, चहा पी." फोनवर त्यांचा श्वास लागला होता, तरी त्या हसत होत्या. "त्या रात्री किती वर्षांनी इतकी छान झोप लागली म्हणून सांगू, मालू."